पुन्हा कौल नाही

डोंगर नसलेल्या देशात बसून मी डोंगरावर बर्फ पाडण्याचा अभ्यास करते. यावर हसून झालं असेल तर पुढे सांगते.

हसतात सगळेच. रॉटरडॅममध्ये आमचं घर समुद्राच्या पातळीच्या खाली आहे. सायकलवर सगळ्यात मोठा चढ लागतो तो कालव्यावरच्या पुलाचा, आणि तिथेही माझा नवरा उतरून चालतो. गणपतीत आरती झाली, प्रसाद झाला, की एखादे काका हटकून माझ्याकडे वळतात. "काय मॅडम, यंदा किती बर्फ पाडला?" मग ते स्वतःच सांगायला लागतात की त्यांच्या तालुक्यात एकदा विमानं आली होती, ढगात काहीतरी फवारलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी पाऊस झाला होता. मी विचारते, "विमानं आली नसती तर झाला नसता का?" त्यावर ते माझ्याकडे असं बघतात की जणू मी त्यांच्या मोदकाला नावं ठेवली. "अहो, झाला ना पण पाऊस?" झाला. माझा सगळा धंदा या 'झाला ना पण' शी भांडण्याचा आहे.

काम तसं सांगायला सोपं आहे. हिवाळ्यात डोंगरावर चढणाऱ्या ढगात पाणी असतं, गोठणबिंदूच्या कितीतरी खाली गेलेलं, तरीही द्रवच राहिलेलं. त्याला गोठायला काहीतरी धरायला लागतं. सिल्व्हर आयोडाइडचे बारीक कण मिळाले तर ते त्यांना धरून गोठतं, हिमकण वाढतो आणि खाली येतो. हे प्रयोगशाळेत होतं, मी रोज बघते. आमच्या थंड खोलीत जाड कोट घालून उभी राहून बघते. डोंगरावरही होतं. प्रश्न एवढाच की किती होतं, आणि आपण काहीच केलं नसतं तर किती झालं असतं. ढग काही दोनदा येत नाही. आला तो गेला.

म्हणून चिठ्ठी टाकतात. योग्य ढग आला की कंप्युटर नाणेफेक केल्यासारखं सांगतो, 'पेरा' किंवा 'सोडा'. 'पेरा' आलं की डोंगरउतारावरच्या शेगड्या पेटवायच्या आणि धूर ढगात जाऊ द्यायचा. त्यांना शेगड्या आमच्या घरात म्हणतात, खरं नाव लांबलचक आहे. 'सोडा' आलं तर हात बांधून बसायचं, ढग कितीही सुंदर असो. असे पुष्कळ ढग जमले, की पेरलेले आणि सोडलेले शेजारी ठेवून बघता येतं. अर्धे चांगले ढग मुद्दाम वाया घालवायचे. लोकांना हेच पटत नाही.

मला मात्र हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पटवावं लागलं नाही. माझे वडील गावच्या देवळातले गुरव. आमच्या कोकणात देवाला कौल लावतात. मूर्ती धुऊन तिच्या अंगावर डावी-उजवीकडे ओल्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि गप्प उभं राहायचं. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न जमवावं का, विहीर कुठे खणावी, मुंबईला जावं का, सगळं त्या काळ्या दगडाला विचारत. शाळेत विज्ञान शिकायला लागल्यावर मी वडिलांशी वाद घालायचे की देवबिव काही नाही, जी आधी सुकते ती कळी पडते. वडील भांडले नाहीत. म्हणाले, "असेल. आता आधी कुठली सुकणार ते सांग." मला सांगता आलं नाही. अजूनही येत नाही.

एकदा गावातल्या एका वजनदार माणसाला देवराईतून स्वतःच्या आंब्याच्या बागेकडे रस्ता काढायचा होता. झाडं तोडायची तर देवाची परवानगी हवी. कौल डावा आला. तो म्हणाला, "गाऱ्हाणं नीट घातलं नाहीत, पुन्हा लावा." वडिलांनी पळीपंचपात्र उचललं आणि म्हणाले, "पुन्हा लावला तर तो देवाचा कौल नाही, तुमचा." पुढे कित्येक वर्षं त्या घरच्या कार्याला आम्हाला बोलावणं नव्हतं. आई कुरकुर करायची, वडिलांनी मात्र तो विषय कधी काढला नाही. त्यांचं हे ताठपण माझ्यात उतरलंय असं माझा नवरा म्हणतो, आणि कौतुकाने म्हणत नाही.

या कामापर्यंत पोचायला मला खूप वेळ लागला, तेही सांगायला हवं. मी इथे नवऱ्याच्या व्हिसावर आले. हातात पुण्याची हवामानशास्त्राची पदवी आणि दोन सूटकेस. पहिली वर्षं बाडहूव्हडॉर्पला राहिलो, विमानतळाच्या कुशीत. तिथे मी एका मालाच्या गोदामात पार्सलं लावायचं काम केलं. डोक्यावरून विमानं जायची आणि मी त्यांच्यामागचे ढग ओळखत बसायचे. 'काय करतेस?' असं कुणी विचारलं की 'सध्या घरीच' म्हणायचे, कारण गोदामाचं सांगितलं तर समोरची बाई कीव करायची आणि मला कीव सहन होत नाही. मुलगी झाली, रॉटरडॅमला आलो, डच शिकले, अर्ज करत राहिले. शेवटी एका विद्यापीठात ही नोकरी मिळाली. आल्प्सच्या एका खोऱ्यातली वीज कंपनी पैसे देणार होती. बर्फ वाढला तर उन्हाळ्यात धरणात पाणी वाढेल असा त्यांचा हिशोब. माझा करार प्रकल्पाबरोबर उन्हाळ्यात संपणार होता. निकाल चांगला आला तर पुढे वाढणार, हेही कुणी लपवून ठेवलं नव्हतं.

आणि निकाल चांगला आला. नुसता चांगला नाही, झकास आला. पेरलेल्या ढगांतून सोडलेल्यांपेक्षा ठळक जास्त बर्फ. माझे प्रोफेसर, म्हणजे हा उंच, शांत डच माणूस, ज्यांना सगळे नावानेच हाक मारतात पण मराठीत लिहिताना माझ्या हातून अहोजाहोच होतं, त्यांनी माझ्या टेबलावर स्वतः केक आणून ठेवला. या देशात वाढदिवस असलेल्यानेच केक आणायचा असतो; दुसऱ्याने आणला म्हणजे काहीतरी खरंच मोठं घडलंय. मी घरी पुरणपोळ्या केल्या. नवऱ्याने घराच्या कर्जाची चौकशी सुरू केली.

वसंतात बर्फाचे नमुने घ्यायला मी डोंगरावर गेले. तिथल्या शेगड्या सांभाळायचं काम कंपनीतल्या एका बाईकडे आहे. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, मोठ्याने हसणारी. जन्म त्याच खोऱ्यातला. वाडगाभर सूप आणि पाव समोर ठेवून आम्ही गप्पा मारत होतो. मी म्हटलं, "इतके सुंदर ढग आले आणि नेमके त्यांनाच 'पेरा' आलं, नशीबवान आहात." ती म्हणाली, "नशीब कसलं? असा सोन्यासारखा ढग यायचा आणि तो डबा म्हणायचा 'सोडा'. मग मी पुन्हा दाबायचे."

मी विचारलं, "पुन्हा म्हणजे?"

"बटण. 'पेरा' येईपर्यंत." तिने पाव सुपात बुडवला. "एवढं पाणी डोक्यावरून जाताना बघवत नाही गं. तुमच्याकडे डोंगर नाहीत, तुला नाही कळायचं."

तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. ते बटण तिच्या हातात कुणी दिलं, दुसऱ्यांदा दाबलं की पहिलं उत्तर पुसून टाकणारी रचना कुणी केली? आम्ही शहाण्यांनी. कितीदा दाबलं ते तिला आठवत नव्हतं. एवढंच आठवत होतं की फक्त चांगले ढग असले तरच. झालं. चांगले ढग सगळे 'पेरा'च्या टोपलीत, मरतुकडे सगळे 'सोडा'च्या. मग पेरलेल्यांतून जास्त बर्फ पडणार नाही तर काय होणार? वर्गातली हुशार मुलं निवडून आपल्या क्लासला घ्यायची आणि मग निकालाची जाहिरात करायची, त्यातलाच प्रकार. मी चमचा खाली ठेवला. मला तिचा राग आला, रचनेचा आला, केकचा आला आणि सगळ्यात जास्त माझ्या पुरणपोळ्यांचा.

परत आल्यावर प्रोफेसरांना सांगितलं. ते म्हणाले, "काही वेळाच झालं असेल. तळटीप देऊ."

"तळटीप नाही," मी म्हटलं. "या हिवाळ्याचे आकडे बाद. सगळे."

"तुझा करार या हिवाळ्यावर आहे."

"माहीत आहे."

घरी नवरा आधी चिडला, मग समजावायला लागला. तो बंदरात कंटेनरचं नियोजन करतो; त्याच्या जगात वस्तू एकतर पोचते किंवा पोचत नाही. "अगं, कोणाचं नुकसान होतंय यात? पडला असेल ना थोडाफार जास्त?" मी म्हटलं, "पडला असेल. नसेलही. मला माहीत नाही आणि मला माहीत आहे असं लिहून त्याखाली माझं नाव घालायचं नाही." तो म्हणाला, "परत गोदामात जाशील?" हे त्याने टोचायला म्हटलं नव्हतं, त्याला खरंच भीती वाटत होती. मलाही वाटत होती. त्या भीतीत मी आधी राहून आले होते, तिचे कोपरे मला पाठ होते. मी म्हटलं, "जाईन." आणि कुकर लावला.

मग बैठक झाली. कंपनीचे लोक रेल्वेने आले, डोंगरावरची बाई पडद्यावर होती. दुपारी बारा वाजता, रीतीप्रमाणे, पाव, चीज आणि ताक. या देशात बैठकीत कुणी हुकूम सोडत नाही. इथे विचारतात. सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय काही होत नाही, म्हणून सगळे हो म्हणेपर्यंत विचारत राहतात. बाहेरून बघणाऱ्याला हे फार गोड वाटतं. पण नाही म्हणणारे तुम्ही एकटेच असाल तर कळतं, की प्रत्येक जण आलटून पालटून, हसतमुखाने, तुम्हाला दमवतोय.

आधी कंपनीच्या गृहस्थांनी विचारलं, शंका आहे असं नमूद करून 'बर्फ वाढल्याची चिन्हं दिसतात' असं लिहिलं तर? मी नाही म्हटलं. मग आमच्याच विभागातल्या एका सहकाऱ्याने विचारलं, रडारच्या नोंदी बघून शंका नसलेले तेवढे ढग निवडून घेतले तर? मी म्हटलं, निवडण्यानेच तर घात झालाय, पुन्हा काय निवडता. मग थोडा वेळ दुसरंच बोलणं झालं. वाऱ्यात मापकाच्या भांड्यात निम्मा बर्फ पडतच नाही, उडून जातो, त्याचं काय करायचं. धूर खरोखर ढगापर्यंत पोचतो की दरीतच लोळत राहतो, ते कुणी मोजलंय का. पलीकडच्या खोऱ्यातले लोक म्हणतील आमचा बर्फ चोरलात, त्यांना उत्तर काय. हे खरे प्रश्न होते आणि यांतल्या प्रत्येकावर वर्षानुवर्षं काम व्हायला हवं. मी उत्साहाने बोलायला लागले. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

तेवढ्यात प्रोफेसर वळले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मग आता सगळ्या चर्चेनंतर, तू त्या वाक्याला तयार होऊ शकशील का?"

मला वडिलांनी उचललेलं पळीपंचपात्र दिसलं. खरंच दिसलं.

मी म्हटलं, "तुम्ही बटण पुन्हा दाबताय."

पडद्यावरची ती बाई हसली. मोठ्याने, पोट धरून. "बरोबर बोलतेय ती," ती म्हणाली. "मी असंच करायचे. हवं ते येईपर्यंत."

त्या वाक्याचा विषय नंतर कुणी काढला नाही. हिवाळा रद्द झाला. माझ्या नावाने जो अहवाल गेला त्याच्या सुरुवातीलाच लिहिलं होतं, की बर्फ वाढला का ते या प्रयोगातून सांगता येत नाही, आणि ते सांगता येण्यासाठी काय काय शोधायला हवं ते पुढे दिलं आहे. ते 'पुढे' बरंच लांबलचक झालं. मला त्याचा अभिमान आहे. कुणाला तो रडका अहवाल वाटला असेल तर वाटो.

बैठकीनंतर प्रोफेसरांनी मला कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं. म्हणाले, "तुझं बरोबर होतं आणि मी तुझ्यावर चिडलोय. दोन्ही सांगावंसं वाटलं." डच माणसाचं हे एक बरं असतं. मी म्हटलं, "चिडा. मीही चिडलेय." आम्ही कॉफी प्यायलो.

उन्हाळ्यात करार संपला. मी घरी होते, या वेळी कुणी विचारलं तर 'घरी आहे, कारण खोटं लिहिलं नाही' असं ठणकावून सांगत होते, म्हणजे ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही. नवऱ्याने कर्जाची चौकशी थांबवली आणि एका शब्दाने बोलला नाही. त्याचं ते न बोलणं मला भांडणापेक्षा जड गेलं. मग पानगळीच्या सुमारास कंपनीकडून निरोप आला. धरण त्यांचं अजून तिथेच होतं आणि प्रश्नही. एक हिवाळा आणखी करू, फक्त एक. मी एकच अट घातली, की बटण माझ्याकडे राहील आणि ते एकदाच दाबलं जाईल. डोंगरावरून ढग कळवायचा, उत्तर मी द्यायचं.

तर आता मी सायकलच्या पिशवीत, भाजीच्या रांगेत, दातांच्या डॉक्टरकडे, सगळीकडे ते बटण, म्हणजे जुन्याच रचनेची छोट्या पडद्याची डबी, घेऊन फिरते. परवा शनिवारी मुलीची पोहण्याची पहिली परीक्षा होती. या देशात सगळीकडे पाणी, म्हणून पोरांना अंगातल्या कपड्यांनिशी, बुटांनिशी पोहून दाखवावं लागतं. काचेपलीकडे ती शाळेच्या पँटमध्ये, लाल बूट घालून काठावर उभी होती. आम्ही पालक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर घामाघूम. आणि फोन वाजला.

"आलाय," डोंगरावरची बाई म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "असा ढग मी कधी पाहिला नाही. पाण्याने नुसता टच्च भरलाय. दाब लवकर."

मी दाबलं.

'सोडा'.

सांगायच्या आधी मी थांबले, हे खरं आहे. या हिवाळ्यात चांगले ढग मोजकेच आलेत. असेच दोन-चार भारी ढग 'सोडा'त गेले तर निकाल फिका पडेल, कंपनी निघून जाईल, आणि मग मी पुन्हा 'सध्या घरीच'. बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. बघणारं कुणीही नव्हतं. शेजारी फक्त नवरा बसला होता. त्याने पडदा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"सोडा आलंय," मी फोनवर म्हटलं.

"सोडा?" ती कळवळली. "अगं, हा ढग? एकदा, फक्त एकदा..."

"नाही. शेगड्या बंद ठेवा. आणि मोजा. सगळं मोजा."

तिने तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक म्हटलं. आशीर्वाद नसावा. मग म्हणाली, "मोजते," आणि फोन ठेवला. मी बटण पिशवीत टाकलं. नवऱ्याने पिशवीची चेन लावली आणि पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली. पाण्यात लाल बूट खालीवर होत होते. ती हळू पोहत होती, सगळ्यांच्या मागे, पण पोहत होती.

डिप्लोमा हातात घेऊन ती बाहेर आली तेव्हा डोंगरावरून मेसेज आला होता. जोरात पडतंय, म्हणे. पलीकडची झाडं दिसेनाशी झालीयेत. मी तो वाचून दाखवला. मुलीच्या केसांतून पाणी गळत होतं. तिने डचमध्ये विचारलं, "तुझ्यामुळे पडतंय?"

मी तिचं डोकं टॉवेलने खसखसून पुसलं आणि मराठीत सांगितलं, "नाही गं. आजचा बर्फ माझ्यामुळे नाही. एवढं मी कुणालाही, कुठेही लिहून देईन."